आगगाडी किती लहान करावी?

घरांत छोटी आगगाडी मांडण्याची हौस ज्याला लागते, तो बहुधा आधीं इंजिन विकत घेतो आणि मग जागा शोधूं लागतो. हा क्रम उलटा आहे. पहिलें इंजिन घेतांनाच प्रमाण ठरून जातें. पुढें रूळ, डबे, फलाट, पूल, फलाटावरचीं माणसें, हीं सारीं त्याच प्रमाणाचीं घ्यावीं लागतात. दहा वर्षांनीं मन पालटलें, तर जमविलेला संसार मोडून पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

प्रमाण आणि गेज या दोन गोष्टी निराळ्या. खरी वस्तु किती पटींनीं लहान केली, तें प्रमाण. दोन रुळांमधील अंतर, तें गेज. छोट्या गाड्यांना ठराविक मापें देण्याची रीत जर्मनींतील मेर्कलिन कंपनीनें १८९१ सालीं लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यांत पाडली. पुढें ३२ मि.मी. गेजचें ‘शून्य’ माप रूढ झालें. त्याच्या सुमारें निम्मा तो ‘एच-ओ’, म्हणजे अर्धा शून्य: प्रमाण १:८७, गेज १६.५ मि.मी.

इंग्लंडांत मात्र पेंच पडला. तेथील इंजिनें युरोपखंडांतील इंजिनांहून अंगानें लहान. त्या काळची मोटार १:८७ च्या इंजिनाच्या पोटांत मावेना. तेव्हां इंजिन १:७६ चें केलें आणि रूळ मात्र १६.५ मि.मी.वरच ठेविले. या ‘डबल-ओ’ गाड्यांचा मार्ग हिशेबानें सात इंच अरुंद भरतो. कांहीं हौशी लोकांना तें सहन झालें नाहीं, त्यांनीं १८.८३ मि.मी.चे रूळ स्वतः बसविले. इतर हजारोंनीं तिकडे काणाडोळा केला, आणि त्यांच्याही गाड्या आनंदानें धांवल्या.

भारतीय गाडीच्या हौशी माणसालाही हीच अडचण येते. आपल्या ब्रॉडगेजचें अंतर १६७६ मि.मी.; १:८७ नें तें सव्वाएकोणीस मि.मी. व्हावयास हवें, पण बाजारांत मिळणारे रूळ साडेसोळांचे. अशा वेळीं कोठें तडजोड करावयाची, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पुण्यास कोथरूडमध्यें जोशी यांचें छोट्या रेल्वेचें संग्रहालय आहे. तेथील गाड्या १:८७ च्याच आहेत. खरेदीपूर्वीं त्या एकदां पाहाव्या.

खरी परीक्षा वळणाची. आपल्या ब्रॉडगेजवर अगदीं तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर धरतात. १:८७ नें ती दोन मीटर होते, म्हणजे पुरें वर्तुळ चार मीटरांचें. त्याला बारा फुटी खोलीही पुरत नाहीं. म्हणून कारखानदार छत्तीस-सदतीस सेंटिमीटर त्रिज्येचे रूळ विकतात. त्यांवर लांब डबे वळले, कीं त्यांचीं टोंकें रुळांबाहेर लोंबतात.

नऊ मि.मी. गेजची, १:१६० प्रमाणाची ‘एन’ गाडी येथें उपयोगी पडते. खऱ्या वळणाचें वर्तुळ तिच्यांत सव्वादोन मीटरांच्या आंत मावतें. ‘एच-ओ’मध्यें साडेतेवीस मीटरांचा डबा सत्तावीस सेंटिमीटर होतो, म्हणजे दहा डबे पावणेतीन मीटर, ‘एन’मध्यें तेच दीड मीटरांत बसतात. १९७२ सालीं मेर्कलिननें आणलेली ‘झेड’ गाडी तर १:२२० ची, रूळ साडेसहा मि.मी.चे. पण गाडी लहान झाली म्हणजे धूळ लहान होत नाहीं. रुळावरचा एक केरकण या चिमुकल्या इंजिनाला थांबवितो. घसरलेलें चाक पुन्हां रुळावर ठेवतांना साठीच्या माणसाचे डोळे थकतात, आणि पांच वर्षांच्या मुलाच्या हातांत तर असें इंजिन टिकतच नाहीं.

यावर उपाय सोपा आहे. पैसे खर्चण्यापूर्वीं खडू आणि सुतळी घ्यावी. मनांतल्या प्रमाणाचें वळण खोलींत जमिनीवर आंखावें, सर्वांत लांब गाडीइतकी काठी त्यावर ठेवून पाहावी, आणि ही गाडी कोण चालविणार, तें घरांतल्या माणसांना विचारावें. खडूची रेघ पुसतां येते. विकत घेतलेलें इंजिन तसें पुसतां येत नाहीं.