छताखालचा उन्हाळा

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



२०१९ च्या डिसेंबरात, मुलाच्या आग्रहाखातर, बर्लिनच्या दक्षिणेस सुमारे ६० किलोमीटरांवर असलेल्या ‘ट्रॉपिकल आयलंड्स’ या विहारस्थानी आम्ही दोन रात्री राहिलो. ती वास्तू मूळची जलक्रीडेची नव्हे. हलक्या वायूने तरंगणाऱ्या मालवाहू वायुनौका बांधण्यासाठी ती उभारली होती. लांबी ३६० मीटर, रुंदी २१०, उंची १०७! २००२ साली तो उद्योग बुडाला आणि २००४ साली त्याच छताखाली सागरकिनारा व वर्षावन अवतरले.

बाहेर हाडे गोठवणारी थंडी. आत सुमारे २६ अंश. नातू “आजोबा, या ना!” म्हणून हाका मारी आणि सत्तरी ओलांडलेला मी गुडघाभर पाण्यात संकोचून उभा! रात्री आतल्याच तंबूत निजलो, तरी पाण्याचा ध्वनी कानी येत होता.

मनात ठसली ती मात्र वेगळीच गोष्ट. तेथील झाडांना नुसती ऊब पुरेना. त्यांना सूर्यप्रकाश मिळावा म्हणून छताचा दक्षिणेकडील भाग पारदर्शक करावा लागला.

मंडळी, परप्रांतात आपणही ५० वर्षे एका छताखाली मराठीची ऊब जपली. गणेशोत्सव झाले, नाटके झाली. परंतु आपली मुले आपसांत कोणत्या भाषेत बोलतात? त्या रोपांना आपण प्रकाश दिला काय? वाचनालयाची कपाटे त्यांच्यासाठी उघडू या, कार्यकारिणीत त्यांना स्थान देऊ या. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.