वीस बाजूंचा फासा
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपली १९७५ची, दहावीची पहिलीच बॅच. सगळे प्रयोग आपल्यावरच झाले, हे आपण गेली पन्नास वर्षं ऐकवत आलो आहोत. आज ते सोडून मला 'तुझ्या त्या खेळाबद्दल बोल' असा हुकूम झालाय.

१९८१ साली लग्न होऊन मी अमेरिकेत मिनियापोलिसला गेले. हे तिथल्या विद्यापीठात शिकत होते. मला नोकरीची परवानगी नव्हती आणि बाहेर गुडघाभर बर्फ. इंग्रजीच्या बाईंनी व्याकरण असं घोटून घेतलं होतं की पत्र लिहायला कुणाची मदत लागायची नाही. पण दुकानात दूध कुठे ठेवलंय एवढं विचारायचं तरी घशाला कोरड पडायची. वाक्य मनात बिनचूक जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

शेजारी दर शनिवारी ह्यांचे मित्र जमून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. त्यातले आर्नसन आमच्या त्याच भागातले. एक जण सूत्रधार होतो आणि सांगतो, "समोर पडका किल्ला आहे, दरवाजा बंद आहे." बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर, आणि आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं. जमेल की नाही ते फासा ठरवतो. हारजीत अशी नाहीच. गोष्ट जिथे थांबली, तिथून पुढच्या शनिवारी पुढे.

भूमितीच्या सरांसाठी एक गंमत सांगते. गायगॅक्सना हे चित्रविचित्र फासे सापडले, ते शाळांना शैक्षणिक साहित्य विकणाऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये! चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे. सर, तुम्ही पुठ्ठ्याचे करून दाखवले होते, तेच पाच आकार.

एकदा एक गडी कमी होता. चहा घेऊन गेलेल्या मलाच त्यांनी बसवलं आणि ठेंगू योद्धा केलं, दाढीवाला. एका राक्षसाने आमच्या मांत्रिकाला धरलं. सूत्रधाराने विचारलं, "तू काय करतेस?" आणि मी इंग्रजीतून अशी काही ओरडले की ह्यांच्या हातातला कप हिंदकळला. वाक्यात निदान तीन चुका असतील. पण चूक झाली तर ती त्या बुटक्याची, माझी कुठे? त्या हिवाळ्यात मी इंग्रजी बोलायला शिकले.

आईला पत्रात फाशांचं लिहिलं, तर तिने उलट टपाली शकुनीची आठवण करून दिली. अर्थात अमेरिकेतही तेव्हा बऱ्याच आईबापांना या खेळात सैतान दिसत होता, तेव्हा आमची आई एकटी नव्हती.

पुढे आमच्या घरात हेच सूत्रधार झाले. लेक आठ वर्षांची झाल्यावर तिलाही पंगतीला घेतलं. चौदा-पंधराव्या वर्षी ती आमच्याशी धड बोलेना, पण शनिवारी तिची चेटकीण माझ्या बुटक्याशी तासन्‌तास भांडायची. मी त्यावर समाधान मानलं. ह्यांनी आलेखाच्या कागदांवर अख्खा मुलूख काढला होता. एका किल्ल्याला राजमाचीसारखे दोन बालेकिल्ले, खाली खोऱ्यात गावं, घाटवाटा, सगळं बारीक मराठी अक्षरात.

२०१३ साली हे गेले. नकाशांची ती फाइल मी कपाटात वर टाकून दिली. नातू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी. आजोबा त्याला फोटोतूनच माहीत. तो नऊ वर्षांचा असताना लेकीने ती फाइल खाली काढली आणि म्हणाली, "आई, आता सूत्रधार तू." मला अक्षर बघवेना. पण नातू एकेका नावावर बोट ठेवून "हे काय लिहिलंय?" विचारत बसला, मग वाचून दाखवावंच लागलं.

त्याला मराठी कळायचं, बोलायचा मात्र नाही. त्याच्या आजीचीच तऱ्हा, फक्त भाषा उलटी. म्हणून मी त्या किल्ल्याच्या दरवाजावर मराठीशिवाय काही न समजणारा एक म्हातारा पहारेकरी बसवला. आवाज कुणाचा दिला ते ओळखा. घंटा झाल्यावर फाटक लावून घेणारे आपले शिपाईकाका! नातवाने बराच विचार करून वाक्य जुळवलं, "ए आजोबा, दार उघड." पहारेकरी भडकला, "वडीलधाऱ्याला अरेतुरे? फासा टाक!" तीन पडले. कुलूप काही निघालं नाही. पुढच्या शनिवारी स्वारी तयारी करून आली. "आजोबा, कृपा करून दार उघडा, बाहेर पाऊस पडतोय." पाऊस मी सांगितलाच नव्हता. तो त्याने स्वतःच्या मनाने पाडला होता. त्या दिवशी मी फासा मागितलाच नाही.

आज तो इथे आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. मघाशी फाटकातून आत येताना त्याने वॉचमनना अदबीने "काका, दार उघडा" म्हटलं. फाटक सताड उघडं होतं.

फासे माझ्या पिशवीत आहेत. चहानंतर आम्ही दोघं आठवी 'ब'च्या वर्गात बसणार आहोत. चार जणांची जागा आहे. सर, तुम्हाला मांत्रिक करायचं असं त्याने आधीच ठरवून टाकलंय.