शिकता शिकता धंदा



कॉलेजात असतानाच धंदा सुरू करू पाहणाऱ्या मुलामुलींनी कोणती वृत्ती ठेवावी, या विषयावर बोलण्यासाठी आपण मला बोलावलेत. ज्याचे निम्मे आयुष्य मालकांशी भांडण्यात गेले, त्याला आज मालक कसे व्हावे हे सांगायला उभे केले आहे! चिटणिसांना मी तसे म्हणालोही. ते म्हणाले, "धंद्याची खोड कोठे असते, हे तुमच्याइतके कोण जाणतो?" या उत्तरापुढे माझे काही चालले नाही. मी स्वतः कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कारखान्याच्या दारात शिकलो. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये.

सध्या हवा धंद्याला अनुकूल आहे. १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' ही योजना सुरू झाली आणि तेव्हापासून हा शब्द खेड्यापाड्यांतल्या मुलांच्याही तोंडी बसला. ही चांगली गोष्ट आहे. नोकरीसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या तरुणाने स्वतः काही उभे करावे, यात कामगार चळवळीला वाईट वाटण्यासारखे काही नाही. माझी तक्रार निराळी आहे. यशाची जी गोष्ट मुलांना सांगितली जाते ती अर्धीच असते. एक हुशार मुलगा होता, त्याने कॉलेज सोडले, धाडस केले आणि तो कोट्यधीश झाला, एवढीच ती गोष्ट. मुले त्यातून धाडस उचलतात आणि कॉलेज सोडणेही उचलतात.

पूर्ण गोष्ट कशी असते ते पाहू. रहिमतपूरच्या काटकर घराण्यातील कैलास आणि संजय हे दोघे भाऊ. थोरल्याचे शिक्षण दहावीशी थांबले. १९८५ च्या सुमारास तो पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करणाऱ्या दुकानात महिना ४०० रुपयांवर लागला. पुढे सुमारे १५ हजार रुपये घालून त्याने दुरुस्तीचे स्वतःचे दुकान काढले. धाकटा मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होता. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत. आज नीट करून दिलेले यंत्र पुन्हा त्याच रोगाने परत येई. धाकट्याने शिकत असतानाच त्यावर उतारा म्हणून प्रोग्रॅम लिहिले आणि थोरल्याने ते गिऱ्हाइकांच्या यंत्रांवर चालवून पाहिले. त्यातून 'क्विक हील' उभे राहिले आणि २०१६ साली त्या कंपनीचे शेअर बाजारात आले. या गोष्टीत कॉलेजचा विद्यार्थी आहे खरा. पण त्याच्या पाठीशी रोज दुकान उघडणारा भाऊ आहे, आणि त्या दुकानात समोर उभे असलेले अडलेले गिऱ्हाईकही आहे.

याहून शंभर वर्षे मागे जा. १८८८ साली बेळगावात किर्लोस्करांचे सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव त्या वेळी मुंबईला तंत्रशाळेत शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात भाऊ रामूअण्णा त्या विकीत, लोकांना चालवायलाही शिकवीत. पगाराची नोकरी एकाच्या हाती आणि दुकान दुसऱ्याच्या हाती होते. पुढे लोखंडी नांगर निघाला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असलेले शेतकरी तो घेईनात. तो काळ तग धरता आला, कारण पायाखालची जमीन त्यांनी आधीच पक्की केली होती.

विद्यार्थ्याच्या पायाखालची जमीन म्हणजे त्याचे कॉलेज. ते ओझे नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि 'कमवा व शिका' हे तत्त्व तेथे रुजवले. त्या नावात दोन्ही शब्द आहेत, त्यातला एकही गाळून चालत नाही.

आता माझ्या नापास झालेल्या धंद्याची हकिगत सांगतो. एका टाळेबंदीत आम्ही ११ कामगारांनी प्रत्येकी हजार रुपये घालून चहाफराळाचे दुकान काढले. चहा उत्तम होता, गर्दीही होती. सात महिन्यांत दुकान बंद पडले. शेवटच्या दिवशी वही उघडली, तेव्हा येणे उधारी भांडवलाहून जास्त निघाली. सगळे ओळखीचे, सगळे अडचणीतले! मी जन्मभर दुसऱ्यांसाठी मागण्या मागितल्या, पण आमच्या चहाचे पैसे मागायला मला तोंड उघडवेना. पहिली वृत्ती ती ही: आपल्या कष्टाचा मोबदला मागण्याची लाज नको, आणि ज्याला उधार दिले त्याचे नाव वहीत हवे.

दुसरी गोष्ट हिशेबाचीच आहे, पण ती हिशेबाच्या बाहेर राहून जाते. समजा, आपल्या गावचा एक विद्यार्थी वारली चित्रांच्या कापडी पिशव्या मोबाइलवरून विकू लागला. एका पिशवीला कापड ४० रुपयांचे, रंग ५ रुपयांचा, विक्री १५० ला. तो म्हणतो, "मला १०५ रुपये नफा." पण पिशवी बहिणीने शिवली, तास गेला. चित्र मित्राने काढले, दोन तास गेले. तासाला ५० रुपयेच धरा. खर्च १९५ झाला! म्हणजे ४५ रुपये तोटा आहे, आणि तो भरून काढला बहिणीने आणि मित्राने, हातात काही न पडता. अशा वेळी किंमत वाढवावी, काम सोपे करावे, नाही तर तो माल सोडावा. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कलेचा मान वाढला, तसा चित्र काढणाऱ्या हाताचा दामही वाढला पाहिजे.

फुकट घेतलेल्या श्रमाला या भागात एक जुने नाव आहे. ते नाव वेठ. लग्नासाठी काढलेल्या थोड्या रकमेपायी नवरा आणि बायको सावकाराच्या घरी राबत राहत, त्यांना लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे आदिवासी एकत्र आले आणि यापुढे वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या पाठीशी होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. एवढी किंमत देऊन जी गोष्ट येथून घालवली, ती नातवंडांच्या धंद्यात प्रेमाच्या नावाने परत येता कामा नये.

कर्जाचेही तसेच आहे. आज मोबाइलवर बोट टेकवले की घटकेत कर्ज मिळते. पूर्वी सावकार निदान दिसत तरी होता! पहिला धंदा कर्जावर उभारू नका. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्याचे 'लिज्जत' झाले, हे खरे. पण ते ८० रुपये पापड विकून फिटण्याजोगे होते. उद्या माल खपला नाही तर हे देणे मी माझ्या मजुरीतून फेडू शकेन काय, एवढे स्वतःला विचारा. उत्तर नाही असे आले तर रक्कम कमी करा. आणि आरंभीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की इतके रुपये आणि इतके महिने, त्यापुढे नाही. त्या पानापाशी पोचल्यावर थांबण्यात नामुष्की नाही. आम्ही बुडालो ते सातव्या महिन्यात. दुसऱ्याच महिन्यात वही उघडली असती, तर निम्मे पैसे वाचले असते.

आईबापांना एकच विनंती आहे. मुलाने धंद्याचे नाव काढले की त्याला हसू नका आणि जमीन विकून पैसाही देऊ नका. रात्री त्याच्याजवळ बसून त्याची वही पाहा.

चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते. कॉलेजातल्या मुलांनी तेथे एक दिवस जावे, विकत घ्यायला नव्हे, बघायला. जमिनीवर फडके अंथरून बसलेली एखादी बाई कोणते गिऱ्हाईक कसे ओळखते, भाव कोठे सोडते, कोठे सोडत नाही, आणि संध्याकाळी घरी नेण्याचे पैसे व उद्याच्या मालाचे पैसे वेगळे कसे बांधते, ते पाहावे. फी न घेणारे ते कॉलेज आहे. दोन्ही कॉलेजांत नाव घाला, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.