संधिज्वर आणि न आलेले मूल

संधिज्वर हा दाटीवाटीने राहणाऱ्यांच्या मुलांना गाठणारा रोग आहे. आधी घसा दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात. ती सूज ओसरते, पण हृदयाच्या झडपा कायमच्या अधू होऊ शकतात. म्हणून पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. स्वस्त औषधात खासगी कंपन्यांना रस कमी, हे ओघाने आलेच. १९५४ मध्ये पिंपरीला सरकारी मालकीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली ती यासाठीच. तरीही इंजेक्शने चुकतात. का, हे रुग्णालयाच्या नोंदवहीवरून कळत नाही. तीत येणारेच मूल दिसते. भिगवणला पुण्याच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये प्रौढांच्या सांधेदुखीची घरोघर पाहणी सुरू केली. तशीच पाहणी जनता वसाहतीतल्या मुलांची व्हावी: इंजेक्शन चुकले ते आईची रोजी बुडते म्हणून, की औषधच मिळाले नाही म्हणून?