शिक्षणाची पदरमोड किती?

(परभणी जिल्ह्यातील विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठ नव्हते. ते १९५८ साली आले. महाविद्यालयास पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद राजाने भिक्खू नागसेनास प्रश्न विचारले आणि उत्तर पटेपर्यंत तो थांबला नाही. पूर्णा, गंगाखेड, पाथरी, जिंतूर येथून आपला मुलगा वा मुलगी महाविद्यालयात धाडताना तुम्हीही तसेच प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला प्रश्न असा की, सर्व साहाय्य वजा जाता आपल्या पदरचे किती जाणार?

आपण बहुधा महाविद्यालयाचे शुल्क तेवढे विचारतो. परंतु शुल्क हा खर्चाचा लहानसा भाग होय. खोलीचे भाडे, खाणावळ, पुस्तके, परीक्षा, येण्याजाण्याचे भाडे हे सर्व त्यात धरा. जे मूल ऊसतोडीस किंवा शेतमजुरीस जात असे, त्याची बुडालेली मजुरीही धरा. घराला ती प्रत्यक्ष जाणवते.

आता साहाय्याची बाजू पाहू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. आज तिच्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. साध्या पदवी अभ्यासक्रमास शुल्काखेरीज वसतिगृहवासी विद्यार्थ्यास वर्षाला ६,००० रुपये व इतरांस ३,००० रुपये भत्ता केंद्राच्या दराने आहे. केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. म्हणून खात्यात आलेला प्रत्येक रुपया आपला समजू नका. त्यातील शुल्काचा भाग महाविद्यालयाचा आहे. तो तत्काळ भरून पावती घ्या.

शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला तर निवास व भोजन यांचा भार उतरतो. तो न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी तीत वर्षाला ४३,००० रुपये, तर विभागाचे ठिकाण असलेल्या छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरी ५१,००० रुपये ठरविले आहेत. मात्र शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता या रकमेतून वजा होतो. दोन्ही रकमा पूर्ण मिळतील असे समजून बेत करणारा फसतो.

एक उदाहरण घ्या. समजा, पालमची मुलगी परभणीस बी.ए. करते. शुल्क ८,०००, खोली १५,०००, खाणावळ २५,०००, पुस्तके ३,००० आणि प्रवास ३,००० रुपये. एकूण ५४,००० झाले. शुल्क शिष्यवृत्तीतून गेले, ४३,००० स्वाधार व भत्ता मिळून आले. पदरचे राहिले ३,०००. कागदावर हे सोपे दिसते. पण खोलीवाला दरमहा पैसे मागतो आणि साहाय्याची रक्कम बहुधा वर्ष सरता सरता येते. त्यामुळे खरा प्रश्न ३,००० रुपयांचा नसून मधल्या सात-आठ महिन्यांचा आहे. याच महिन्यांत घरातील शेळी विकली जाते, सावकाराचे दार ठोठावले जाते आणि मुलगी दिवाळीस घरी येते ती परत जात नाही. म्हणून प्रवेशापूर्वीच चार महिन्यांच्या खाणावळीची तजवीज करा. गावोगावच्या विहारांतून या कामासाठी परतफेडीचा निधी उभारणे अवघड नाही. एकाची शिष्यवृत्ती आली की तो पैसा दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क आगाऊ घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. कोणी मागितले तर लेखी मागणी करावयास सांगा आणि समाजकल्याण कार्यालयाकडे अर्ज करा. याचनेच्या स्वराने बोलू नका. हा हक्क आहे.

या हक्काचा इतिहासही ध्यानात ठेवा. १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्यांनी स्वतःस बौद्ध लिहिले, त्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींस मुकावे लागले. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राने १९९० साली कायदा बदलला. आज धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिल्याने शिष्यवृत्ती जात नाही. तिच्या लोभाने वा भीतीने खोटा धर्म लिहिण्याचे कारण उरलेले नाही.

शिष्यवृत्तीला अटी असतात हे बाबासाहेबांनीही अनुभविले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली त्यांना दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षांसाठी दिले आणि दहा वर्षे बडोद्याच्या सेवेचा करार करून घेतला. मुदत संपताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. पुढे त्यांनी तो पुरा केला. तुम्हीही अटी आधी वाचा: उपस्थिती किती, गुण किती, नूतनीकरण कधी. जातीचा व उत्पन्नाचा दाखला उन्हाळ्यातच काढा, बँकेचे खाते आधारशी जोडा, अर्ज दरवर्षी मुदतीत भरा.

शिक्षणासाठी त्याग करणारा आपला समाज आहे. परंतु जो त्याग हिशेबाने टळतो, तो मुलांवर लादणे हा धर्म नव्हे. आज घरी जा, कागदावर दोन रकाने आखा, एका बाजूस खर्च, दुसऱ्या बाजूस साहाय्य आणि ते मिळण्याचा महिना लिहा. मग मुलीला सांगा, 'तू जा. पुढचे आम्ही पाहिले आहे.'

जयभीम.