फुकटच्या खेळाचा हिशेब
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी गणिताचा शिक्षक. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. तेव्हा एक हिशेबच आपल्यापुढे मांडतो. तो माझ्याच घरचा आहे.

गेल्या वर्षी मी माझ्या आईचे पासबुक बँकेत भरून आणले. वडिलांच्या मागे तिला निवृत्तिवेतन मिळते, त्याचे हे खाते. दोन महिन्यांतल्या ४७ नोंदींचा अर्थ मला लागेना. कुठे २९ रुपये, कुठे ७९, कुठे १५९. बेरीज केली ती ४,६३३ रुपये झाली. आईला विचारले, तर तिला काहीच ठाऊक नव्हते. तिला चष्म्याशिवाय मोबाइलवरचे आकडे दिसत नाहीत. म्हणून पैसे पाठवण्याचा गुप्त आकडा तिचा नातूच घालीत असे. हा नातू म्हणजे आठवीत शिकणारा माझा मुलगा.

त्याला जवळ बसवून विचारले. प्रथम तो गप्प राहिला, मग रडू लागला. मोबाइलवर तो एक लढाईचा खेळ खेळे. खेळ फुकट होता, हे मला माहीत होते. किंबहुना फुकट आहे म्हणूनच मी परवानगी दिली होती. पण त्या खेळात हिरे विकत मिळतात आणि त्या हिऱ्यांतून आपल्या शिपायासाठी पोशाख, बंदुकीचे रंग आणि बंद पेट्या घेता येतात. ईदीचे पैसे संपले, तेव्हा त्याचा हात दादीच्या खात्याकडे वळला.

दुसऱ्यांच्या मुलांना हिशेब शिकवणाऱ्याच्या घरात हे घडले! मला लाज वाटली. मग मात्र या धंद्याचा शिस्तीने अभ्यास करावयाचे ठरविले. त्यातले थोडे सांगतो.

पूर्वी खेळाची तबकडी एकदा विकत घेतली की व्यवहार संपत असे. २००६ मध्ये एका अमेरिकन कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या खेळातील घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला वेगळे विकावयास काढले, तेव्हा खेळाडूंनी त्याची थट्टा केली. पुढे मोबाइल आला आणि थट्टेची चीज हाच मुख्य व्यापार झाला. खेळ फुकट द्यावयाचा व आतल्या किरकोळ वस्तू विकावयाच्या, अशी ही रीत आहे. ‘कँडी क्रश’ चालविणाऱ्या ‘किंग’ कंपनीने २०१४ मध्ये शेअर बाजारात उतरताना आपले आकडे प्रसिद्ध केले. त्यांवरून दिसते की, महिन्याला खेळणाऱ्या शंभरांतले सुमारे चारच जण पैसे देत होते. तरीही २०१६ मध्ये ती कंपनी ५९० कोटी डॉलरला विकली गेली. शहाण्णवांच्या फुकट करमणुकीचा खर्च त्या चौघांकडून निघतो. आपले मूल त्या चौघांत आहे की शहाण्णवांत, हे पालकाला पासबुक पाहिल्यावाचून कळत नाही.

आता युक्त्या पाहू. पहिली युक्ती, पैशाचे नाव बदलणे. रुपयाचा हिरा झाला की किंमत डोळ्यांआड होते. दुसरी, हिशेब मुद्दाम अर्धवट ठेवणे. समजा, हिरे शंभराच्या पुडक्यात मिळतात आणि पोशाख एकशेवीसला आहे. दोन पुडकी घ्यावी लागतात, ऐंशी उरतात. आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून तिसरे घेतले जाते. तिसरी युक्ती घाईची: “आज रात्रीपर्यंतच.” चौथी सर्वांत वाईट, ती बंद पेटीची. पैसे आधी द्यावयाचे. आत काय निघेल ते दैवावर.

या पेटीचे गणित मी वर्गात फळ्यावर मांडले. समजा, दुर्मिळ वस्तू निघण्याची शक्यता शंभरात एक आहे आणि पेटी वीस रुपयांची आहे. मुले म्हणाली, “सर, शंभर पेट्या घेतल्या की मिळणारच!” ते खरे नाही. शंभर पेट्या, म्हणजे दोन हजार रुपये, संपल्यावरही शंभरांपैकी सुमारे सदतीस मुलांच्या हाती ती वस्तू आलेली नसते. वर्ग एकदम शांत झाला. आमच्या घरात जुगार निषिद्ध आहे. पत्त्यांचा जोडही मी कधी आणला नाही. आणि तोच जुगार पोशाखाच्या पेटीत बसून घरात शिरला होता.

ही माझी एकट्याची शंका नव्हे. अशाच सोडतीचा एक प्रकार जपानने २०१२ मध्ये बंद पाडला. पेटीत काय निघण्याची किती शक्यता आहे हे जाहीर करण्याची सक्ती चीनने २०१७ पासून केली. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही प्रसिद्ध खेळांतील विकतच्या पेट्या जुगार ठरविल्या. ‘फोर्टनाइट’ खेळाच्या कंपनीने फसव्या बटणांच्या रचनेमुळे नको असलेल्या खरेद्या घडवल्या, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. २०२२ च्या डिसेंबरात त्यापोटी साडेचोवीस कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्याचे कंपनीने मान्य केले. आपल्या संसदेनेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा केला. पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. शिपायाचा अंगरखा विकत घेणाऱ्या मुलाची काळजी आपल्यालाच वाहिली पाहिजे.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. खेळ करणाऱ्यांनाही पोट आहे आणि पैसे देऊन घेतलेली प्रत्येक करमणूक पाप नव्हे. आपण नाटकाचे तिकीट काढतोच की! फरक इतकाच की, तिकिटावर किंमत लिहिलेली असते आणि नाटक तिसऱ्या अंकानंतर संपते.

मुलाला मी मारले नाही. पासबुक पुढे ठेवून त्या ४७ नोंदी त्याच्याच हस्ताक्षरात वहीत उतरवावयास सांगितल्या. प्रत्येकीसमोर काय घेतले ते लिहावयाचे. एकोणिसाव्या नोंदीपाशी तो थांबला. म्हणाला, “अब्बा, हे काय घेतलं होतं ते आठवत नाही.” पुढच्या पुष्कळ ओळी रिकाम्याच राहिल्या. ती वही पाहून माझी आई म्हणाली, “पैसे गेले त्याचं काही नाही रे. मागितले असते तर मी दिले असते.” या वाक्याने मुलगा जितका खजील झाला, तितका माझ्या कुठल्याही उपदेशाने झाला नसता. आणि मीही झालो. कारण वर्षभर तो काय खेळतो हे मी एकदाही जवळ बसून पाहिले नव्हते.

म्हणून न्यासापुढे तीन सूचना ठेवतो. गुप्त आकडा मुलांनी घालू नये, वडीलधाऱ्यांनी स्वतः घालावा. ज्यांना दिसत नाही त्यांना आपल्या अभ्यासिकेत आठवड्यातून एक दिवस मदत मिळावी. फोनमध्ये प्रत्येक खरेदीला परवानगी मागण्याची सोय असते. ती कशी लावावी हे पालकांना येथेच शिकवावे. आणि शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने महिन्यातून एकदा घरातल्या मोठ्यांसमवेत पासबुक वाचावे. पहिल्या दोन कामांसाठी मी दर रविवारी सकाळी येईन. माझा मुलगाही येणार आहे. फोनमधले मला न कळणारे त्याला कळते.

पन्नास वर्षे या न्यासाने आण्या-रुपयाचा हिशेब चोख ठेवला, म्हणून कित्येक गरीब मुले शिकली. तोच चोखपणा आपल्या घरोघरी यावा, एवढीच माझी इच्छा आहे.