अनुशेष मोजावा लागतो
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा सारांश)



मराठवाडा मागं आहे, हे आपण सगळेच म्हणत होतो. पण किती मागं? ते अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीनं १९८४ साली सांगितलं. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा बाबींत राज्याची सरासरी धरून एकेका जिल्ह्याची तूट काढली. मराठवाड्याचा अनुशेष निघाला सुमारे ७५१ कोटी रुपये. आकडा हाती आला, मागणीला जोर आला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ झालं. त्याची मुदत २०२० मध्ये संपली.

परंतु जिल्ह्याच्या सरासरीत आपली वस्ती दिसत नाही. बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले डॉ. सुखदेव थोरात यांनी नेमकं तेच तपासलं. सहकाऱ्यासह त्यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले, फक्त आडनावं वेगळी. दलित आडनावांना बोलावणी कमी आली. २००७ मध्ये हे छापून आलं.

आता आपलं बघा. बीडमधून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. आपल्या वस्तीतली किती लेकरं कोयत्यामागं जातात? किती मुलींची शाळा सुटते? तरुणांनो, वही घेऊन घरोघर जा, लिहून काढा. तो कागद घेऊन आपण सगळे मिळून जिल्हा परिषदेत जाऊ.

नमो बुद्धाय, जयभीम!